काळ्या दगडाच्या पोटातली फुले

वस्तीजवळ बांधकाम निघाले की रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग पडतो. पोरे त्या ढिगावर चढतात, घसरतात, आणि त्यातले एखादे पोर चमकणारा तुकडा मुठीत धरून घरी येते. आई वैतागते. ‘टाक आधी तो धोंडा बाहेर! इथे माणसांना निजायला जागा नाही, तू दगड कुठे ठेवतोस?’

आईचेही काही चुकत नाही. पण वाचकहो, तो तुकडा बाहेर फेकण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा. काळ्या दगडाला चिकटलेली पांढरी, गुलाबीसर किंवा हिरवट चमक दिसली, तर तुमच्या पोराने आणलेली वस्तू साधी नाही. अशाच वस्तू जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात ठेवलेल्या आहेत. त्या आपल्याच मातीतून, आपल्यासारख्याच माणसांच्या हातांनी निघालेल्या आहेत.

हे स्फटिक आले कुठून?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. तो एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला, आणि थरावर थर साचत दख्खनचे पठार तयार झाले. आज हा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेला आहे. घाटातून जाताना डोंगराच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर.

तव्यावरच्या आंबोळीला जशी जाळी पडते, तशी थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे जाळी पडली. कुठे वाटाण्याएवढे छिद्र, तर कुठे माणूस आत बसेल एवढी पोकळी. पुढे लाखो वर्षे या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले. दगडातली द्रव्ये त्या पाण्यात विरघळली आणि पोकळीच्या भिंतींवर कणाकणाने जमत गेली. त्यांचेच स्फटिक बनले.

या स्फटिकांतल्या मोठ्या घराण्याचे नाव झिओलाइट. स्वीडनच्या क्रॉनस्टेट या शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘उकळणारा दगड’. या दगडाच्या अंगात अतिशय बारीक नळ्यांचे जाळे असते आणि त्यात पाणी साठलेले असते. तापवले की ते पाणी वाफ होऊन निघते आणि दगड उकळल्यासारखा दिसतो.

स्टिलबाइट पाहावा तर कापणी झालेल्या पिकाच्या पेंढीसारखा, मध्ये आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया. ओकेनाइटचे गोळे तर हुबेहूब कापसाच्या बोंडासारखे. पण हात लावला की तंतू दबतात आणि पुन्हा उभे राहात नाहीत. यांच्याच शेजारी सापडतो अपोफिलाइट. तो झिओलाइटच्या घराण्यातला नसला तरी त्यांचा सोबती आहे. पुण्याजवळच्या पाषाण भागातील हिरवा अपोफिलाइट जगभर नावाजलेला आहे.

पुण्याजवळच्याच वाघोलीची गोष्ट त्याहून नवलाची. कॅव्हॅन्साइट नावाचे गडद निळे खनिज प्रथम १९६७ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांची अक्षरे जोडून त्याचे नाव बनले. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या दगडखाणीत तेच खनिज निघाले, आणि असे सुंदर की जगातील उत्तम कॅव्हॅन्साइट म्हणजे वाघोलीचा, हे ठरून गेले. खाण कशासाठी होती? खडीसाठी!

श्वासाशी नाते

झिओलाइट केवळ शोभेची वस्तू नाही. त्याच्या अंगातल्या बारीक नळ्या चाळणीसारखे काम करतात. जड पाणी मऊ करण्यासाठी, खनिज तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांत आणि पुष्कळ धुण्याच्या पावडरींत झिओलाइट वापरतात. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा किरणोत्सारी द्रव्ये शोषून घेण्यासाठीही झिओलाइटचा उपयोग केला गेला.

आणि २०२१ साल कोण विसरेल? करोनाच्या त्या दिवसांत प्राणवायूसाठी घरोघरचे लोक सिलिंडर शोधत धावत होते. तेव्हा अनेक रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे बसली. त्या यंत्रांच्या टाक्यांत झिओलाइटच भरलेले असते. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि प्राणवायू पुढे सोडते. हे झिओलाइट कारखान्यात बनवलेले असते, हे खरे. पण त्याची रीत माणूस शिकला ती या दगडाकडून.

नाव कोणाचे राहिले?

आता जरा मागे जाऊ. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम चालले होते. २५ बोगदे खोदायचे होते, तेही आपल्या या कठीण काळ्या दगडातून. १८६१च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या कामावर होते. सुरुंगाने, पहारीने, पटकीच्या साथीने हजारो माणसे तिथे मेली. डोंगर फोडताना ज्या पोकळ्या उघडल्या, त्यांतले अपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक इंग्लंडमधील संग्रहालयांत पोचले.

इतिहासात कोणाची नावे राहिली? मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे राहिले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवला. तिचेही राहिले, आणि राहायलाच हवे. पण ज्याच्या घणाने ती पोकळी उघडली, जिने पाटी डोक्यावर घेऊन तो दगड वर आणला, त्यांचे नाव कुठल्याच कागदावर नाही.

आजही फारसे वेगळे घडत नाही. खाणीत सुरुंग उडतो. धूळ बसल्यावर मजुराला कातळात चकाकणारी पोकळी दिसते. छन्नीने, हलक्या हाताने, टोक न मोडता तो स्फटिक सोडवतो. ही कारागिरी आहे. ती कोणत्या कॉलेजात शिकवली जात नाही. मग तो स्फटिक मुकादमाकडून व्यापाऱ्याकडे आणि व्यापाऱ्याकडून परदेशात जातो. काचेच्या कपाटात पोचतो तेव्हा त्याखालच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढेच असते: ‘पूना, इंडिया’ किंवा ‘जळगाव, इंडिया’. गावाचे खरे नाव नाही, खाणीचे नाही. मजुराच्या नावाची तर गोष्टच सोडा.

बोरघाटाच्या माथ्याजवळच, त्याच काळ्या पाषाणात कोरलेली कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवरची ब्राह्मी अक्षरे नीट पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे आणि गावे तिथे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावाचे नाव पुन्हा पुन्हा येते. दरवाजा घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव तिथे आहे. म्हणजे दगडाशेजारी कष्टकऱ्याचे नाव आणि गाव लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती मध्येच कुठे हरवली, एवढेच.

शाळेच्या खोलीतून सुरुवात

दगड जमविण्याचा छंद श्रीमंतांचा, असा समज आहे. तो खरा नाही. न्यूयॉर्कमध्ये खनिजप्रेमींचा क्लब १८८६ साली निघाला. अमेरिकेतीलच टुसॉन या शहरात १९४६ साली अशीच एक संस्था स्थापन झाली. तिने १९५५ साली पहिले प्रदर्शन भरवले ते एका प्राथमिक शाळेत, आणि प्रवेश मोफत! आज दर फेब्रुवारीत भरणारे ते प्रदर्शन जगातील सर्वांत नामांकित खनिज प्रदर्शनांपैकी एक आहे. आपल्याकडचे स्फटिकही तिथे मांडले जातात.

या क्लबांत चालते काय? महिन्यातून एकदा सभासद जमतात. प्रत्येकाने एक दगड आणायचा आणि त्याविषयी चार वाक्ये बोलायची. एकाकडे दोन असतील तर एक द्यायचा, दुसऱ्याकडचा घ्यायचा. परवानगी काढून सहलीला जायचे आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवायचे. यात असे काय आहे, जे आपल्या वस्तीतल्या पाच-सात पोरापोरींना जमणार नाही?

साहित्य अगदी थोडे लागते. अंड्यांचा रिकामा ट्रे किंवा मिठाईचा खोका, थोडा कापूस, एक वही, एक भिंग आणि जुना टूथब्रश. दगड साध्या पाण्याने हळुवार धुवावा. ओकेनाइटसारखे तंतूंचे गोळे मात्र धुऊ नयेत. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा किंवा ताईच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यावा, त्यावर क्रमांक टाकावा आणि तोच क्रमांक वहीत लिहावा.

ओळखायचे कसे? घरातल्या वस्तूंनीच सुरुवात करा. पारदर्शक स्फटिकावर न दिसणाऱ्या बाजूला चाकूचे टोक ओढा. चरा पडला तर ती गार नव्हे, अपोफिलाइट किंवा दुसरे काही असेल. गारेवर चाकूचा चरा पडत नाही. उलट गारच काचेवर चरा पाडते. पांढऱ्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. बुडबुडे आले तर बहुधा तो कॅल्साइट. दहा दगड तपासलेले पोर विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसणार नाही.

मोठ्यांनी एकदा मुलांना घेऊन नाशिक जिल्ह्यातील सिन्नरला जावे. तिथे के. सी. पांडे यांनी २००१ साली उभारलेले ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. आपल्या मातीत काय काय दडले आहे, हे तिथे एका छताखाली दिसते.

हे मात्र सांभाळा

पालकांनो, मुलांना खाणीत एकटे सोडू नका. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते, त्याचा तळ दिसत नाही आणि दरवर्षी कुठे ना कुठे पोरे बुडाल्याची बातमी येते. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. न उडालेली सुरुंगाची नळी दिसली तर हात न लावता दूर व्हावे. विहीर खणताना वर आलेला दगडांचा ढीग किंवा खडीचा ढीग, मालकाला विचारून चाळावा. हातोडी चालवताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि तोंडावर फडके हवे. तंतूसारखे, सुईसारखे खनिज कधी कुटू नये. त्याची धूळ फुफ्फुसात जाते. खाणीवर आयुष्य घालवलेल्या आपल्या माणसांचा खोकला ज्यांनी रात्ररात्र ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि लेण्यांचा दगड, मग तो चिमूटभर का असेना, उचलू नये. तो सर्वांचा ठेवा आहे, आणि त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

बोटातला खडा आणि हातातला दगड

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दगडाचा विषय निघाला की कोणीतरी राशीच्या खड्यांवर येतोच. पगारातून हप्ते पाडून अंगठी घेणारे आपल्यातही आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे. माणिक सूर्याचा आणि नीलम शनीचा, असे सांगून दोन वेगवेगळ्या किमती घेतल्या जातात. प्रत्यक्षात दोन्ही एकच खनिज आहेत. त्याचे नाव कोरंडम. त्यात क्रोमियमचा अंश आला की ते लाल होते, लोह आणि टायटॅनियमचा आला की निळे. फ्रान्सच्या व्हर्नेल या शास्त्रज्ञाने १९०२ साली भट्टीत माणिक बनविण्याची रीत जाहीर केली. तो माणिक आणि खाणीतला माणिक, दोन्हींचे घटक अगदी सारखे. मग भट्टीतल्या माणकाला सूर्य ओळखतो की नाही, हे खडे विकणाऱ्याला जरूर विचारा!

बोटातल्या खड्याने कोणाचे दिवस पालटले नाहीत. हातातल्या दगडाला ‘तू कुठला, कसा झालास?’ असे विचारणारे पोर मात्र पुढे बरेच काही विचारू लागते.

म्हणून उद्या मुलाने चमकता तुकडा घरी आणला तर त्याला एक रिकामी काड्यापेटी द्या आणि आत ठेवायला चिठ्ठी लिहून घ्या. खनिजाचे नाव माहीत नसले तर ती जागा कोरी ठेवा; ते पुढे कळेल. पण गावाचे नाव, खाणीचे किंवा विहिरीचे ठिकाण आणि तारीख आजच लिहा. आणि खाली आणखी एक ओळ हवी: ‘हा दगड कोणी काढला?’ तिथे बापाचे नाव येईल, आईचे येईल, शेजारच्या खाणीवरल्या काकांचे येईल. ते ठळक अक्षरांत लिहा.