राणीचा पोशाख एका दिवसाच्या भाड्याने

परगावी गेलेल्या माणसाने तिथला पोशाख चढवून फोटो काढून घ्यावा, ही हौस जुनीच आहे. काश्मीरला जाऊन आलेल्या आपल्या कितीतरी जोडप्यांच्या घरी फिरन घातलेला, हातात फुलांची परडी धरलेला फोटो भिंतीवर दिसेल. चीनमध्ये मात्र या हौसेचा आज मोठा धंदा झाला आहे. गंमत अशी की त्याचे गिऱ्हाईक परदेशी पाहुणे कमी आणि खुद्द चिनी लोकच जास्त!

हेनान प्रांतातील लोयांग हे या धंद्याचे एक मोठे ठिकाण. अनेक राजवंशांची ही राजधानी. आम्ही तिथे गेलो ते अर्थातच धम्मस्थळे पाहण्यासाठी. इ.स. ६८ मध्ये स्थापन झालेला, चीनमधला पहिला म्हणून सांगितला जाणारा श्वेताश्व विहार येथेच आहे. काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून येथे आले, अशी परंपरा आहे. त्याच विहाराच्या आवारात सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर भारताने बांधून दिलेले बुद्धमंदिर आहे. त्याचे उद्घाटन मे २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएन त्संग हाही याच लोयांगच्या परिसरात जन्मलेला. तेव्हा बौद्ध माणसाला हे गाव परके वाटण्याचे कारण नाही.

पण जुन्या गावात पाऊल टाकले आणि आम्ही थबकलोच. जिकडे पाहावे तिकडे राजकन्या! छातीपासून खाली पायघोळ सुटलेले घागरे, खांद्यावरून तरंगणारी झिरझिरीत ओढणी, डोक्यावर हातभर उंच अंबाडा, त्यात सोनेरी फुले आणि लोंबते मणी. एक राजकन्या स्कूटरच्या मागे बसून चाललेली, दुसरी घागरा गुडघ्यापर्यंत उचलून रस्त्याकडेला शेवया खात असलेली. जवळजवळ दर दोन दुकानांआड पोशाख भाड्याने देणारे दुकान. आत रांगेने आरसे, आरशापुढे मुली बसलेल्या आणि दारात कॅमेरे घेऊन उभे असलेले फोटोग्राफर.

या पोशाखाला 'हानफू' म्हणतात, म्हणजे चीनमधील बहुसंख्य हान लोकांचा जुना पोशाख. आपण सिनेमात पाहिलेला, अंगाला घट्ट बसणारा 'चीपाओ' तो हा नव्हे. चीपाओ मांचू लोकांच्या झग्यावरून आला आणि आजच्या रूपाला शांघायमध्ये १९२० नंतरच्या काळात पोहोचला. हानफू त्याच्या फार आधीचा. त्याला गुंड्या जवळजवळ नसतात, सारे काम बंदांवर आणि गाठींवर. तांग काळातला घागरा छातीवर बांधतात. मिंग काळातला 'मामियान' कमरेला बांधतात. मामियान म्हणजे शब्दशः 'घोड्याचे तोंड'. पुढे-मागे सपाट पट्टा आणि दोन्ही बाजूंना चुण्या. याच घागऱ्यावरून जुलै २०२२ मध्ये पॅरिसमध्ये चिनी विद्यार्थ्यांनी एका नामांकित फ्रेंच कंपनीच्या दुकानासमोर निदर्शने केली होती. आमचा घागरा तुम्ही स्वतःचा म्हणून विकता, ही त्यांची तक्रार.

आंगरख्याची एक खूण मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. पुढचे दोन पदर एकमेकांवर येतात, तेव्हा घालणाराचा डावा पदर उजव्यावर यावा आणि बंद उजव्या कुशीला बांधावा. उलट झाले तर तो प्रेताचा पोशाख! मृताला कपडे घालताना पदर उलटा घेण्याची तिथे रीत होती. फोटोच्या घाईत परदेशी पाहुणे हे उलटे करतात आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या कासावीस होतात.

प्रेताचे कपडे म्हटल्यावर आपल्याला दुसरेच काही आठवते. चांडाळाने मेलेल्याची वस्त्रे ल्यावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत, अशी आज्ञा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना वेगळे बोलावून कशावर सांगितले? लुगड्यावर! ज्या नेसण्यावरून आणि गळ्या-हातातल्या ज्या कथील-चांदीच्या भाराने तुमची जात लांबून ओळखू येते, ते टाका, असे त्यांचे सांगणे होते. तिथल्या तिथे आपल्या आया-आज्यांनी नेसण्याची पद्धत बदलली. वस्त्र ही गोष्ट किरकोळ नसते हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

चीनचा इतिहासही या बाबतीत फार निर्मळ नाही. तिथे आपल्यासारखी जन्मजात अस्पृश्यता समाजाचा पाया नव्हती, हे खरे. पण कोणी काय घालावे याचे हुकूम मात्र होते. हान वंशाच्या पहिल्या सम्राटाने इ.स.पूर्व १९९ मध्ये व्यापाऱ्यांना भारी रेशीम घालण्याची बंदी केली. तांग काळात इ.स. ६३० च्या सुमारास अधिकाऱ्यांचे रंग ठरवून दिले गेले. तिसऱ्या दर्जापासून वरच्यांना जांभळा, त्याखालच्यांना तांबडा, मग हिरवा, मग निळा. बायकांचा रंग नवऱ्याच्या दर्जावर. सामान्य रयतेला पांढरे, म्हणून 'पांढरे कपडेवाला' म्हणजे बिनपदवीचा माणूस. पुढे मांचू आले. त्यांनी १६४५ मध्ये हुकूम काढला की, प्रत्येक पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी सोडावी, नाहीतर शिर उडवले जाईल. त्या हुकमापायी हजारो माणसे मारली गेली. पुरुषांचा जुना पोशाख मागे पडला. तो टिकला कुठे? बऱ्याच अंशी विहारांत! चिनी भिक्खू आणि उपासक वंदनेच्या वेळी रुंद बाह्यांचा, पदरावर पदर घेतलेला जो 'हायचिंग' झगा घालतात, तो त्या जुन्या पोशाखाचाच वंशज आहे.

म्हणूनच लोयांगच्या गल्लीतला तो देखावा आम्हाला नुसता थिल्लर वाटला नाही. ज्या रंगासाठी एके काळी सरकारी दर्जा लागे, तो रंग आज कारखान्यात काम करणारी मुलगी सुटीच्या दिवशी शे-दोनशे युआन मोजून अंगावर घालते, आणि तिला कोणी हटकत नाही. यात वाईट ते काय? मात्र एक गोष्ट आम्ही टिपली. राणी, राजकन्या, सरदारकन्या सगळ्यांना व्हायचे असते. रेशीम विणणारणीचा किंवा पाणक्या दासीचा वेष मांडलेले एकही दुकान आम्हाला दिसले नाही.

आमच्यासोबत साठी ओलांडलेल्या एक वहिनी होत्या. दारातली मुलगी त्यांना 'आयी, आयी' म्हणून बोलावू लागली. चिनी भाषेत मावशी-काकूंना तशी हाक मारतात. वहिनींना ते 'आई' ऐकू आले आणि त्या सरळ आत गेल्या! आमच्यापैकी तिघीजणी पांढऱ्या साडीत होत्या. त्या पोरीने मोबाईलवर भाषांतर करून हळूच विचारले, "तुमच्या घरी कोणी वारले आहे का?" चीनमध्ये पांढरे वस्त्र सुतकाचे. पालीत गृहस्थ उपासकाला 'ओदातवसन' म्हणजे शुभ्रवस्त्रधारी म्हणतात, आणि तुमच्या जुन्या बौद्ध ग्रंथांतही 'पांढरे कपडेवाला' म्हणजे उपासकच, हे आम्ही तिला मोबाईलवरूनच सांगितले. कितपत पोचले कोण जाणे. पण तिने हात जोडले.

वहिनींनी कपड्यांच्या रांगेतून जांभळा घागरा निवडला. हा रंग फक्त मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरचा, असे आम्ही त्यांना सांगितले. वहिनी म्हणाल्या, "माझ्या आजेसासूला पायात वहाण घालून पाटलाच्या वाड्यापुढनं जाता येत नव्हतं. हाच द्या."

मग दीड तास त्या आरशापुढे बसल्या. चेहऱ्याला पांढरा लेप, गालांना लाली, केसांवर खोट्या केसांचा डोलारा. कपाळावर लाल फुलाची नक्षी काढायची वेळ आली तेव्हा वहिनींनी हात आडवा धरला. भाऊ जाऊन नऊ वर्षे झाली, त्यानंतर त्यांनी कपाळाला काही लावलेले नाही. या नक्षीला 'हुआत्येन' म्हणतात. तांग काळातल्या चित्रांत ती कितीतरी स्त्रियांच्या कपाळावर दिसते. ती शोभेची होती, नवऱ्याच्या असण्या-नसण्याशी तिचा संबंध नव्हता. हे ऐकल्यावर वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "असं असतं तर मग काढ म्हणावं."

आता या हौसेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजची हानफू चळवळ मोजतात ती २००३ पासून. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये वांग लेत्यान नावाचा एक वीज कामगार झेंगचौ शहरात हा पोशाख घालून भर रस्त्यात हिंडला आणि त्याची बातमी झाली. त्यानंतर तरुणांनी ही हौस उचलली. तिथवर ठीक. पण या चळवळीतल्या काहींना हानांचा तेवढा पोशाख शुद्ध आणि मांचूंचा भ्रष्ट वाटतो. चीन सरकार स्वतः ५६ जमाती मानते. आणि ज्या तांग काळाचा एवढा डौल, त्या काळच्या स्त्रिया मध्य आशियातले अरुंद बाह्यांचे अंगरखे घालत, पुरुषी वेषात घोड्यावर बसत. त्यांचे पाय बांधलेले नव्हते, ती अघोरी चाल नंतरची. म्हणजे तो डौलच मुळी सरमिसळीतून आलेला! वस्त्राच्या शुद्धतेची भाषा कोणत्याही देशात निघाली की आम्ही तरी कान टवकारतो.

लोयांगच्या दक्षिणेला १२-१३ किलोमीटरवर लोंगमेनची लेणी आहेत. दोन हजारांवर लेणी आणि कोनाडे, आणि लहानमोठ्या मिळून लाखभर मूर्ती. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसालाही तिथे मान वर करून उभे राहावे लागते. सर्वांत मोठी मूर्ती वैरोचन बुद्धाची, १७.१४ मीटर उंच, इ.स. ६७५ मध्ये पूर्ण झालेली. सम्राज्ञी वू झेत्यान हिने या कामासाठी ६७२ मध्ये आपल्या लाली-पावडरीच्या खर्चातून २०,००० माळा नाणी दिली, असे तिथल्या शिलालेखात कोरलेले आहे. त्या काळी भोकाची नाणी दोरीत ओवून मोजत. हीच बाई पुढे ६९० मध्ये स्वतः सम्राट झाली. चीनच्या इतिहासात सम्राटपदावर बसलेली ती एकटीच स्त्री. तिने सत्तेसाठी केलेली क्रूर कृत्येही इतिहासात आहेत, ती झाकण्याचे आपल्याला कारण नाही. पण ज्या बाईने साजशृंगाराचे पैसे बुद्धमूर्तीला दिले, तिच्याच काळातला साजशृंगार भाड्याने घेऊन मुली त्याच मूर्तीसमोर उभ्या राहतात. त्यातल्या कितीजणींना तो लेख ठाऊक असेल? वहिनींना आम्ही तो वाचून दाखवला. त्यांनी फोटोग्राफरला थांबायला सांगितले, वजनदार अंबाडा सावरत पंचांग प्रणाम करायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून उभ्यानेच त्रिशरण म्हटले. फोटो नंतर निघाले.

आपल्यापैकी कोणी तिकडे जाणार असतील तर दोन-चार गोष्टी. राणी व्हा, सरदार व्हा, खुशाल व्हा, पण भिक्खूचे चीवर फोटोसाठी अंगावर घेऊ नका. ते वेषांतराचे कापड नाही, दीक्षा घेऊन धारण करायचे असते. कोणी भाड्याने देऊ केले तरी नको म्हणा. विहाराच्या दालनात मूर्तीचा फोटो काढण्याआधी विचारावे, कित्येक ठिकाणी मनाई असते. वेदीला पाठ लावून मुरडत उभे राहणे तर आपल्यालाच शोभत नाही.

पैशाचे बोलणे आधी करावे. भाड्यात केशरचना आणि रंगरंगोटी धरली आहे का, अनामत किती, कपडे किती वाजता परत द्यायचे, फोटो किती आणि त्यांतले सफाई करून किती मिळणार, हे सारे लिहून घ्यावे. काढतात शंभर फोटो, सफाईदार देतात मोजके, आणि पुढच्या प्रत्येकाला वेगळे पैसे. खरा फटका तिथे बसतो. बूट आपलेच, सपाट तळव्याचे असावेत. लोंगमेनला पायऱ्या पुष्कळ आहेत आणि घागरा पायात येतो. डोके दुखण्याची सवय असेल तर खोटा अंबाडा लहान मागावा.

मोठी मूर्ती पश्चिमेकडच्या डोंगरात, नदीकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचे ऊन तिच्या चेहऱ्यावर समोरून येते. दुपारनंतर डोंगराची सावली पडते आणि फोटो काळे येतात. म्हणून दुकानात पहाटेचीच वेळ मागून घ्यावी.