तारीख आणि तिथी

मराठी घरात सर्वांत जास्त वाचला जाणारा ग्रंथ कोणता, असं कुणी विचारलं तर ज्ञानेश्वरी किंवा दासबोध म्हणणं शोभून दिसेल. खरं उत्तर मात्र स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला लटकत असतं. बारा महिन्यांची पानं, पानावर तीस-एकतीस चौकोन आणि दोऱ्याने बांधलेलं, बहुधा शाई संपलेलं बॉलपेन. सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता घरातली बाई तिकडे एक नजर टाकते आणि स्वतःशीच विचारते, "आज काय आहे बरं?" आज सतरा तारीख आहे, हे त्या प्रश्नाचं उत्तर नसतं. चतुर्थी आहे, एकादशी आहे, अमावास्या लागली आहे, ही त्याची उत्तरं. तारीख नोकरीसाठी, शाळेसाठी आणि विजेच्या बिलासाठी. तिथी घरासाठी. एकाच चौकोनात दोघी शेजारणींसारख्या नांदतात आणि आपणही त्या दोघींना सांभाळत वर्ष काढतो.

ही सोय फार जुनी नाही. पूर्वी तिथी पाहायची म्हणजे पंचांग उघडायचं. ते काम घरातल्या आजोबांचं किंवा भटजींचं. सोलापूरचं दाते पंचांग घरोघरी असे, पण त्यातले बारीक आकडे आणि सांकेतिक अक्षरं सगळ्यांनाच उलगडत असं नव्हे. भिंतीवरचं कॅलेंडर होतं ते वेगळं. वाण्याच्या किंवा कापडदुकानाच्या नावाचं, वर लक्ष्मी नाहीतर मुरलीधर. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने १८९४ पासून देवघरातले देव दिवाणखान्याच्या भिंतीवर आणले, पुढे रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांनी त्यांना मराठी घरातलेच चेहरे दिले. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर टाकवत नसे. देवाचं चित्र कचऱ्यात कसं टाकायचं? मग त्याच खिळ्यावर जुन्यावर नवं, असे चार-पाच देव एकापाठोपाठ उभे राहत.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि पंचांग भिंतीवर आलं. मूळचे मालवणचे हे गृहस्थ. शब्दकोड्यांच्या व्यवसायात मुरलेले असल्यामुळे चौकोनांत किती आणि काय मावतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार! देवाचं चित्र गेलं, त्या जागी मोठे ठसठशीत आकडे, त्याखाली तिथी आणि सण. पानाच्या मागे लेख, पाककृती, आरोग्याच्या गोष्टी. पुढे इतरांनीही तोच साचा उचलला. याचा एक परिणाम झाला, त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही. संकष्टी कधी, पौर्णिमा किती वाजता लागते, हे विचारायला कुणाच्या दारी जायची गरज उरली नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे महाराष्ट्रात महात्मा फुल्यांपासून कितीतरी जणांनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. रोजच्या बारीकसारीक प्रश्नांपुरतं तरी ते काम एका खिळ्याने केलं.

आणखी एक. त्याच चौकोनांत, त्याच मापाच्या अक्षरांत रमजान ईद, गुड फ्रायडे, पतेती, बुद्धपौर्णिमा आणि महावीर जयंती छापलेली असते. 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द पाठ्यपुस्तकात शिकण्याआधी मुलं तो भिंतीवर वाचतात. अर्थात मुलांची नजर फक्त लाल आकड्यांवर असते, हेही खरं.

आता संकष्टीचं पाहा. हा उपास सोडायचा तो चंद्र पाहून. पण आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असताना चंद्र दिसणार कुठे? कॅलेंडरवर गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. नागपूर मुंबईच्या पूर्वेला असल्याने तिथे चंद्र सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो, हे भूगोलाच्या मास्तरांपेक्षा उपाशी माणसाला जास्त चांगलं समजतं. ठरलेली वेळ झाली की पानं वाढली जातात, आरती होते, मोदक येतात. गॅलरीत जाऊन वर पाहण्याची तसदी घेणारे थोडेच. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला की चंद्र उगवलाच.

विश्वास हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण आपल्याकडे बहुसंख्य लोक "आम्ही मानत नाही हो, पण पाळतो" या पंथाचे. अमावास्येला नव्या घराची किल्ली घ्यायची नाही. पितृपक्षात टीव्हीसुद्धा आणायचा नाही, नवरात्रात आणू. कारण विचारलं तर "उगाच कशाला मनाला रुखरुख?" हे उत्तर इंजिनिअरही देतो आणि डॉक्टरही. या वृत्तीला ढोंग म्हणण्याची पद्धत आहे. मला ते तितकं सोपं वाटत नाही. एका घरात सोवळं पाळणारी आजी, सत्यनारायणाला हसणारा नातू आणि दोघांच्या मध्ये सापडलेली सून यांना एकत्र जेवायचं असतं. मानणं आणि पाळणं यांत थोडी मोकळी जागा ठेवल्याशिवाय ते जमत नाही.

सरकारनेही एकदा या गोंधळात शिस्त आणून पाहिली. मेघनाद साहांसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पंचांगसुधारणेची समिती नेमली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. अत्यंत शास्त्रशुद्ध. राजपत्रावर तिची तारीख छापतात, आकाशवाणीवरून ती आपल्या कानांवर पडत आली. पण आपला जन्म कोणत्या सौर दिनांकाचा, हे सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. नुसत्या अचूकतेने कॅलेंडर भिंतीवर चढत नाही, त्याला सणांची आणि उपासांची सोबत लागते.

आणि पंचांग तरी एकच आहे का? चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतात आणि जावयाला तेहेतीस अनारसे मिळतात. हिजरी वर्षात असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. पण अधिक महिना कोणता धरायचा, यावर आपल्यातही मतभेद आहेत. लोकमान्यांच्या प्रेरणेने निघालेलं टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ वेगळ्या ठिकाणी धरतं. त्यामुळे २०२३ साली बहुतेक महाराष्ट्रात १९ सप्टेंबरला गणपती बसले, तर टिळक पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या काही घरांत ते ऑगस्टच्या विसाव्या तारखेलाच येऊन गेले. आळीतल्या इतरांनी त्यांच्या आरतीला जाऊन मोदक खाल्ले आणि महिन्याने आपला गणपती आणला. यावरून कुणाचं डोकं फुटल्याचं ऐकिवात नाही.

डोकी तापतात ती दुसरीकडे. शिवजयंती १९ फेब्रुवारीला सरकारी, आणि फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीप्रमाणे. कोण कोणती साजरी करतो, त्यावरून त्याचा पक्ष ओळखण्याची आपल्याला सवय लागली आहे. उलट बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा दिली तो दिवस विजयादशमीचा, तारीख १४ ऑक्टोबर. दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर दसऱ्याचा, आणि चौदा तारखेचं स्मरणही होतंच. तिथे मात्र दोन्ही शेजारणी भांडण न करता राहतात.

कधी कधी तिथी-तारखेच्या घोळातून चक्क भाषा घडते. "संक्रांत कोसळली" म्हटलं की आपल्याला पानिपत आठवतं, कारण लढाई १४ जानेवारी १७६१ची आणि आपली संक्रांतही चौदालाच, फार तर पंधराला. पण इंग्रजी तारखांच्या हिशेबात संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, तो १२ जानेवारीला येतो. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती दहाच्या आसपास येऊन गेलेली असणार. विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा होता, संक्रांतीचा नव्हे. हे कुणाला पटवायला जाऊ नका. लोक तिळगूळ देतील, पण गोड बोलणार नाहीत.

छापलेलं एवढं सगळं झालं. हाताने लिहिलेलं आणखी निराळं. दुधाचे खाडे, कामवाल्या बाईंची सुट्टी, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, मुलाच्या चाचणी परीक्षा. आणि महिन्यातून एकदा, कोपऱ्यात, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. तो कशाचा हे घरातल्या सगळ्यांना कळतं, विचारत कुणीच नाही. श्रावण सुरू झाला की घरातल्या बायका त्या ठिपक्यापासून बोटांवर दिवस मोजतात आणि गौरी-गणपतीशी गाठ पडते का पाहतात. पडत असेल तर औषधाच्या दुकानात जाऊन, हलक्या आवाजात, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायच्या. डॉक्टरांना न विचारता, दरवर्षी. सण बाईच्या अंगावर चालतो, नैवेद्याचा स्वयंपाक तीच करते, आणि त्या सणात तिचं शरीर अडचण होऊ नये याची तजवीजही तिनेच करायची. इथे 'उगाच रुखरुख नको'वाली ती मोकळी जागा एकदम आक्रसते. पाळण्याची किंमत घरातल्या एकाच माणसाने चुकवायची असेल, तर ती समजूतदार तडजोड उरत नाही. अनेक घरांत मुलींनी हे उघड बोलायला सुरुवात केली आहे. काही घरांत सासवांनीच "राहू दे गं, कर पूजा, देवाला चालतं" म्हणून विषय मिटवला. तसं कोणत्याही पंचांगात छापलेलं नाही, त्यांनीच ठरवलं.

हा ठिपका आता मोबाइलमध्ये गेला. गॅसचा नंबर, परीक्षा, भिशी हेही गेलं. ज्याचं त्याला आपल्या खिशात दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही. तिथीसुद्धा फोन सांगतो, अगदी न्यू जर्सीतल्या सूर्योदयाप्रमाणे. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, पण दिवस सूर्योदयाने ठरतो, म्हणून तिकडची एकादशी कधी कधी एक दिवस आधी येते. "साबुदाणा भिजवलास का गं?" असं आई इकडून विचारते आणि लेक म्हणते, "आई, आमची कालच झाली."

एक गोष्ट तेवढी फोनला अजून नीट जमत नाही. आपण वाढदिवस तारखेने करतो आणि गेलेल्या माणसाचं श्राद्ध तिथीने. फोनमधली साधी 'दरवर्षी' आठवण तारखेला वाजते. मुलाला वडील गेल्याची तारीख पाठ असते, आईला तिथी. एकाच माणसाचे वर्षातून दोन दिवस होतात, आणि दोघं वेगवेगळ्या दिवशी गप्प असतात. दिवाळीच्या आगेमागे नवं कॅलेंडर घरात आलं, की अशी एखादी आई चष्मा लावून बसते, जुनं आणि नवं शेजारी उघडते आणि पेन्सिलीने नावं उतरवून घेते. मामंजी, माघ वद्य पंचमी. वन्सं, श्रावण शुद्ध द्वादशी. मग मुलांच्या वडिलांचा चौकोन शोधते. त्यांचं नाव लिहीत नाही. नुसती फुली करते, आणि पुढच्या पानावर दुधाचा नवा भाव लिहून ठेवते.