फवारणीचे विष आणि शरीरातील मज्जातंतू

सन २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी वीसहून अधिक जण दगावले. कपाशी उंच वाढलेली असल्याने विषारी तुषार तोंडावर येत होते. औषध पोटात न जाताही माणूस कसा दगावतो, हे समजण्यास मज्जातंतूंचे कार्य थोडे जाणून घेतले पाहिजे.

मज्जापेशीभोवती अतिशय पातळ पडदा असतो. मिठात जे सोडियम असते, त्याचे विद्युत्भारित कण या पडद्याच्या बाहेर अधिक, तर पोटॅशियमचे कण आत अधिक असतात. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यात एक प्रकारचा पंप अखंड चालू असून तो दर खेपेस सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ कण आत घेतो. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ स्कौ यांनी खेकड्याच्या पायांतील मज्जातंतूंवर प्रयोग करून १९५७ साली याचा उलगडा केला. फवारणीच्या पंपात दाब भरून ठेवावा आणि खटका दाबताच तुषार निघावा, तसाच हा साठविलेला ताण होय. संदेश येताच पडद्यातील दारे उघडतात, सोडियम आत शिरते आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात ती दारे मिटतात. मग पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. हीच लाट तंतूवरून पुढे सरकते.

सायपरमेथ्रिन ही दारे वेळेवर मिटू देत नाही. किडीचे मज्जातंतू त्यामुळे सतत उत्तेजित राहून ती मरते. माणसाच्या कातडीवर ते पडल्यास मुंग्या येतात व चेहऱ्याची आग होते.

प्रोफेनोफॉसचा मार्ग निराळा आणि अधिक घातक आहे. तंतूच्या टोकाशी संदेश पोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य काम होताच एका विकराकडून नष्ट केले जाते. प्रोफेनोफॉस त्या विकरालाच निकामी करते. मग स्नायूंतील दारे पुनःपुन्हा उघडतात, स्नायू फडफडतात व अखेर लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही त्यांत आले. बाहुल्या बारीक होणे, लाळ व घाम सुटणे, छातीत घरघर होणे ही त्याची लक्षणे होत. या दोन्ही औषधांचे मिश्रण बाजारात तयार मिळते. त्यात तिसरे औषध घरी आणखी मिसळावे, ही प्रथा खेदजनक आहे.

प्रोफेनोफॉस कातडीतूनही शरीरात शिरते. म्हणून लक्षणे दिसताच रोग्याचे भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणपाण्याने धुवावे व त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने औषधाचा डबा सोबत देण्याची आठवण ठेवावी. कारण प्रोफेनोफॉसवर डॉक्टरांजवळ ॲट्रोपिनचा उतारा आहे. सायपरमेथ्रिनवर तसा खास उतारा नाही व केवळ लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.