एक्सप्लेनर : ‘साहेब, फक्त एक मिनिट!’ फुकट सल्ला कुणाला महागात पडतो? खरा मोफत सल्ला कुठे मिळतो?

रिसोड : ‘डॉक्टरसाहेब, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकलाय, एवढा पाहून घ्या.’ ‘वकीलसाहेब, फेरफारची नोटीस आली, काय करू?’ ‘भाऊ, सोयाबीन पिवळं पडतंय, कोणतं औषध मारू?’

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात डॉक्टर, वकील आणि कृषी पदवीधरांना असे प्रश्न बाजारात, लग्नात, चहाच्या टपरीवर कुठेही गाठतात. ओळखीच्या माणसाला फी कशी मागायची, हा त्यांचा पेच. एवढ्याशा प्रश्नाला पैसे कशाला, हा विचारणाऱ्याचा हिशेब. मात्र घाईत मिळालेल्या उत्तराचा फटका अनेकदा विचारणाऱ्यालाच बसतो. कसा, ते जाणून घेऊया.

एका फोटोवरून निदान का होत नाही?

सोयाबीनचेच उदाहरण घ्या. पाणी साचलेल्या किंवा चुनखडीयुक्त जमिनीत पिकाला लोह मिळत नाही. अशा वेळी कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पिवळा मोझॅक हा रोग वेगळा. तो विषाणूमुळे होतो आणि पांढऱ्या माशीमुळे पसरतो. फोटोत दोन्ही ‘पिवळेच’ दिसू शकतात. लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक फवारले, तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च वाया जातो आणि पीक तसेच राहते.

फेरफारच्या नोटिशीचेही तसेच. हरकतीसाठी साधारण १५ दिवसांची मुदत असते. नोटिशीची तारीख न पाहता कुणी ‘बघू नंतर’ म्हटले, तर मुदत निघून जाऊ शकते.

व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्याला डॉक्टर फी घेऊ शकतात का?

हो. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार फोन, व्हिडिओ किंवा चॅटवरील सल्ल्यासाठी डॉक्टर योग्य फी घेऊ शकतात. त्यांनी पावती देणे आणि सल्ल्याची नोंद ठेवणेही अपेक्षित आहे. रस्त्यात उभ्या उभ्या दिलेल्या सल्ल्याची सहसा कुठेच नोंद नसते.

सल्ला फुकट, मग जबाबदारी कुणाची?

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात हे स्पष्ट केले. सर्वांनाच पूर्णपणे मोफत दिली जाणारी वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. मात्र काहींकडून पैसे घेऊन गरिबांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्णही ‘ग्राहक’ ठरतो. वकिलांच्या सेवेला हा कायदा लागू नाही, असा निकाल न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला.

पैसे नसतील तर कुठे जायचे?

सल्ला मोफत मिळण्याची हक्काची ठिकाणे आहेत. तिथे तज्ज्ञाच्या कामाचा मोबदला सरकारी निधीतून दिला जातो.

• शेती : रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे शास्त्रज्ञांना थेट भेटता येते. जाताना पिवळे पडलेले झाडच मुळासकट न्या. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांकही टोल-फ्री आहे.

• कायदा : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

• आरोग्य : सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला मोफत मिळतो.

विचारताना हे लक्षात ठेवा

• तज्ज्ञाला रस्त्यात गाठण्याऐवजी वेळ मागा आणि ‘फी किती?’ हे आधीच विचारा.
• मूळ कागद, जुने रिपोर्ट, पेरणीची तारीख आणि आधी वापरलेली औषधे सोबत ठेवा.
• कृषी केंद्रात सल्ल्याचे पैसे लागत नाहीत, पण दुकान औषध विकून चालते. रोगाचे नाव विचारा आणि पक्के बिल घ्या.
• सल्ला लेखी मागा. चिठ्ठी असेल, तर उपाय लागू पडला नाही तरी पुढच्या तज्ज्ञाला काय झाले ते कळते.

फी देऊ शकणाऱ्याने तज्ज्ञाच्या वेळेचे पैसे दिले, तर त्याला कागद नीट वाचून उत्तर मिळते. ज्याला देणे शक्य नाही, त्यानेही कुणाच्या ओळखीवर अवलंबून राहू नये. त्याच्यासाठी सरकारी व्यवस्था आहे.