खुर्ची बसणाऱ्याची आणि उचलणाऱ्याची

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात जा. बाहेर वॉकर, कमोड चेअर आणि घडी घालून भिंतीला टेकवलेल्या व्हीलचेअर मांडलेल्या असतात. "हलकी, घडीची दाखवा," म्हटलं की काउंटरवरचा मुलगा ॲल्युमिनियमची एक खुर्ची एका हाताने उचलतो, छातीपर्यंत नेतो आणि खाली ठेवतो. "बघा, बारा किलो." मग तो बजेट विचारतो. खुर्चीत बसणार कोण आणि ती उचलणार कोण, हे काही विचारत नाही. गिऱ्हाइकालाही ते सांगायचं सुचत नाही, कारण पुष्कळदा दुकानात आलेला माणूस त्या दोघांपैकी कोणीच नसतो. तो पैसे देणारा असतो.

आमच्या घरी बसणारे होते बाबा आणि उचलणारी आई. बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात-पाय शाबूत. आई सत्तरी ओलांडलेली, कमरेला पट्टा. पैसे देणारा माझा भाऊ बंगळूरला. त्याने व्हॉट्सॲपवर एका खुर्चीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "सगळ्यात हलकी हीच आहे. मागवू?" वजन नऊ किलो, मागची चाकं बारा इंची, रंग छान निळा. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना तो दाखवला. त्या म्हणाल्या, "ही दुसऱ्याने ढकलायची खुर्ची. काकांना कायम ढकलायचंच ठरवलंय का तुम्ही?"

घडीच्या हाताने चालणाऱ्या खुर्च्यांचे ढोबळ दोन प्रकार. एकीची मागची चाकं मोठी, चोवीस इंची, बाहेरून धातूची कडी असलेली. बसणारा ती कडी फिरवून स्वतः पुढे जातो. दुसरीची चारही चाकं लहान. तिला ट्रान्झिट चेअर म्हणतात आणि ती मागच्या माणसाच्या भरवशावर चालते. चाकं लहान म्हणून वजन कमी, घडी आटोपशीर. हातात अजिबात ताकद नसलेल्या, महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यायच्या पेशंटला ती उत्तमच. पण एक हात आणि एक पाय चालत असलेल्या माणसाला तीत बसवलं, तर पंख्याखालून खिडकीशी जायलाही त्याला हाक मारावी लागते.

दुकानात जायच्या आधी मॅडमनी टेप काढली. बाबांना स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर ताठ बसवलं आणि मला दुसरं टोक धरायला लावलं. पहिलं माप कमरेखालच्या सर्वांत रुंद भागाचं : पंधरा इंच. त्यात साधारण एक इंच मिळवायचा, म्हणजे सोळा इंची सीट. दुसरं, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत. त्यातून दोन इंच वजा करायचे, नाहीतर सीटची कड पोटरीला काचते आणि माणूस पुढे घसरत बसतो. तिसरं, खळगीपासून टाचेपर्यंत, चप्पल घालून. चौथं, कोपरापासून बैठकीपर्यंत, हात टेकायच्या दांड्यासाठी. चार आकडे औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिले. शर्ट घेताना आपण कॉलरचं माप सांगतो आणि माणूस दिवसातले सहा-सात तास ज्यात बसणार, ती खुर्ची मात्र 'स्टँडर्ड' घेतो.

हे 'स्टँडर्ड' म्हणजे दुकानाच्या भाषेत अठरा इंची सीट. "थोडी मोकळीच बरी," असं दुकानदार म्हणतो. पण रुंद सीटवर लुळ्या बाजूचा माणूस त्या बाजूला कलतो, तासाभरात पार वाकडा होतो. त्यात घडीच्या खुर्चीची बैठक कापडाची, दोन दांड्यांमध्ये ताणलेली. काही महिन्यांत तिला झोळ येतो, मांड्या आत वळतात आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. ज्याला स्वतःला सरकता येत नाही, त्याला तिथेच जखम होते. म्हणून गादी ही चैनीची वस्तू धरायची नाही, ती खुर्चीचाच भाग आहे. वजनात आणि उंचीत तिचा हिशेब पहिल्यापासून धरायचा.

पाचवं माप घराचं. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये संडासाची चौकट सव्वीस इंच, पण दार आत उघडतं आणि बिजागरीपाशी फळी आडवी येते. मोकळी वाट भरते साडेचोवीस. मोठ्या चाकांच्या खुर्चीची बाहेरची रुंदी सीटपेक्षा साधारण सात-आठ इंचांनी जास्त असते. म्हणजे अठरा इंची खुर्ची आमच्या दारात अडकणार आणि सोळा इंची जेमतेम जाणार. लिफ्टचं दारही असंच मोजून ठेवलं. बाबांच्या अंगाला बसणारी खुर्चीच घरालाही बसत होती, ही नशिबाची गोष्ट. सगळ्यांच्या बाबतीत असं जुळत नाही. मग दार काढून पडदा लावायचा की ट्रान्झिट चेअर घ्यायची, हा निर्णय घरातच झालेला बरा. दुकानात तो होत नाही.

दुकानात मी सामान तोलायचा हुकाचा काटा घेऊन गेले. विमानप्रवासाच्या बॅगा तोलतात तो. खोक्यावर 'बारा किलो' लिहिलेली खुर्ची पायांच्या पट्ट्या आणि गादीसकट टांगली तर चौदाच्या वर गेली. यात फसवणूक आहे असं नाही. वजन मोजताना सुटे होणारे भाग काढून ठेवायची या धंद्यात पद्धतच आहे. पण उचलणाऱ्याला नेमकं हेच कळायला हवं : काय काढल्यावर किती उरतं? आम्ही दोन्ही फूटरेस्ट काढल्या. मागच्या चाकांच्या आसाच्या मध्यावर एक बटण असतं. ते दाबून चाक ओढलं की सुटं होतं. दोन्ही चाकं निघाल्यावर सांगाडा आठ-नऊ किलोंवर आला. चाकं वेगळी, फूटरेस्ट वेगळ्या, सांगाडा वेगळा, असं तीन खेपांत आई ते नेऊ शकत होती. भावाच्या नऊ किलोंच्या खुर्चीइतकंच तिच्या वाट्याला आलं आणि बाबांची मोठी चाकंही राहिली. बिनबटणाच्या, नटबोल्टच्या चाकांची खुर्ची तीन-चार हजारांनी स्वस्त होती. ती आईच्या कमरेने नापास केली.

मग आईला घडी घालायला लावली. गादी काढायची, बैठकीच्या कापडाला पुढून आणि मागून मधोमध धरायचं आणि वर खेचायचं. खालची फुलीसारखी कात्री मिटते आणि खुर्ची फूटभर रुंदीची होते. उघडताना खरी गंमत. नवखा माणूस दोन्ही बाजूंचे दांडे मुठीत धरून खाली दाबतो आणि दांडा चौकटीच्या खाचेत बसताना बोटं मध्ये सापडतात. दुकानातल्या कारागिराने आईचे हात धरून दाखवलं : "मावशी, पंजा सपाट ठेवायचा, बोटं आतल्या बाजूला. आणि नुसत्या तळहाताने दाबायचं." दांडे खाचेत 'खट्ट' बसले. "हा आवाज आला नाही तर बसवायचं नाही कोणाला," तो म्हणाला.

पुढचं काम त्याच्या पान्याचं. उजव्या पायाने जमीन रेटत खुर्ची चालवायची, तर टाच जमिनीला टेकायला हवी. नेहमीच्या खुर्चीची सीट एकोणीस-वीस इंच उंच, वर गादी. बाबांचा पाय लोंबकळत होता. काही मॉडेलांमध्ये मागचा आस वरच्या भोकात आणि पुढची लहान चाकं काट्याच्या वरच्या भोकात बसवून सीट खाली आणता येते. नेमकी कुठली भोकं हे मॉडेलवर असतं, पण दोन्हींकडे सारखाच फरक करावा लागतो, नाहीतर खुर्ची पुढे किंवा मागे झुकते. कारागिराने चारही चाकांची भोकं बदलून सीट दीड-दोन इंच खाली आणली. गादी पातळ पण कडक फोमची घेतली. उजवी फूटरेस्ट काढून ठेवली. बाबांनी टाच रोवली, उजव्या हाताने कडी फिरवली आणि दुकानाच्या चिंचोळ्या वाटेतून कमोड चेअरच्या रांगेपर्यंत स्वतः गेले. वळताना एका वॉकरला धडकले. कोणी काही बोललं नाही.

अडचण उरली डाव्या ब्रेकची. ब्रेक दोन्ही चाकांना वेगवेगळे असतात आणि डावा हात चालत नाही. उजवा हात आडवा नेला तर डावी दांडी चार बोटं लांब राहायची. कारागिराने आत जाऊन नळीचा वीतभर तुकडा आणला, डाव्या ब्रेकच्या दांडीवर घट्ट ठोकला आणि टोकाला रबरी बूच बसवलं. आता हात पोहोचत होता. बाजूला सरकून पलंगावर जाता यावं म्हणून हाताचे दांडे मागे उलटणारे घेतले. आणि लुळा हात नकळत घसरून चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून डाव्या दांड्यावर रुंद फळी बसवून घेतली.

खुर्ची घडीची झाली तीही बसणाऱ्यामुळेच. अमेरिकेतले हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेले खाण-अभियंता. त्यांना खुर्ची मोटारीत घालून न्यायची होती. हॅरी जेनिंग्ज या यंत्र-अभियंता मित्राबरोबर त्यांनी १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची, खाली फुलीच्या आकाराची कात्री असलेली खुर्ची बनवली. वजन बावीस-तेवीस किलो. आजही आपल्याकडच्या बहुतेक घडीच्या खुर्च्या त्याच फुलीवर मिटतात. हलकेपणाचा ध्यासही असाच. कॅलिफोर्नियातल्या मॅरिलिन हॅमिल्टन १९७८ मध्ये हँग ग्लायडरच्या अपघातात जखमी झाल्या. मिळालेल्या जड खुर्चीला त्या वैतागल्या आणि ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांकडून त्यांनी ॲल्युमिनियमची खुर्ची करवून घेतली. ती निम्म्या वजनाची होती, पण घडी न होणारी. कारण घडीची कात्री, सांधे, बिजागऱ्या यांचंही वजन असतंच. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची' आहे. व्हीलचेअरवरून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करणाऱ्या बाईंना खुर्चीत काय हवं, हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

गाडीचं गणित आपल्याकडे वेगळंच. आमची गाडी सीएनजीची. डिकीत टाकी, उरलेल्या जागेत फार तर एक बॅग. चाकं आणि फूटरेस्ट टाकीपुढच्या फटीत जातात, सांगाडा मागच्या सीटवर उभा आणि आई त्याच्या शेजारी. खुर्ची घ्यायच्या आधी तिची घडी घालून आपल्या गाडीत ठेवून बघायला दुकानदार नाही म्हणत नाही, फक्त पार्किंग मिळायला हवं. रिक्षाने जाणाऱ्यांनी तर रिक्षाच दुकानापाशी उभी करावी. उचलताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची : हाताचे दांडे धरून खुर्ची उचलायची नाही. ते सुटे होतात आणि खुर्ची पायावर येते. सांगाड्याची पुढची आणि मागची उभी नळी धरायची, गुडघ्यात वाकायचं आणि आधी एक कड गाडीच्या काठावर टेकवायची.

हलक्या खुर्चीचे दोष रस्त्यावर कळतात. पुढची लहान चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि चेंबरच्या जाळीत अडकतात. खुर्ची जागेवर थांबते आणि माणूस पुढे जातो. म्हणून खाच दिसली की मागे आलेल्या नळीच्या टोकावर पाय द्यायचा, मुठी खाली दाबायच्या आणि पुढची चाकं उचलूनच पलीकडे न्यायची. उतारावर खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवायची. मुठींना भाजीची पिशवी अडकवायची नाही. बसलेला माणूस उठला की हलकी खुर्ची पिशवीच्या भाराने मागे कलंडते. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण प्रत्येक दणका पाठीत पोचवतात. हवेचे टायर मऊ चालतात, पण हवा कमी झाली की ब्रेक धरत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हातांनी चालवायच्या व्हीलचेअरविषयी मार्गदर्शिका काढली. तीत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. मापं घेणं, निवड, अंगाला बसवून बघणं, वापर शिकवणं, नंतर पुन्हा तपासणं हे सगळं त्यात येतं. आपल्या दुकानात यातली एकच पायरी धड होते, पैसे भरून ऑर्डर देण्याची. बाकीच्या आपण करून घ्यायच्या. गडबड नसेल तर गावोगावच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून साधी खुर्ची आधी महिनाभर आणावी. ती कुठे अडते, कोण दमतं, कुठे काचतं, ते लिहून ठेवावं आणि ती यादी घेऊन दुकानात जावं. ऑनलाइन स्वस्त मिळते हे खरं, पण नळीचा तुकडा ठोकून द्यायला खोक्यातून कारागीर येत नाही.

आणि जाताना दोघांना न्यावं. जो बसणार, त्याने किमान अर्धा तास त्या खुर्चीत बसावं, चहा तिथेच प्यावा. जो उचलणार, त्याने ती उघडावी, मिटावी, पायरीवरून गाडीपर्यंत न्यावी. दोघांनीही हो म्हटलं, की मग तिसऱ्याला बंगळूरला फोन लावावा आणि फक्त रक्कम सांगावी.