तंजावरचें छोटें प्रार्थनामंदिर

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरची भवानी ही भोसले घराण्याची कुलस्वामिनी. त्या घराण्याची एक शाखा व्यंकोजीराजांपासून तंजावरास नांदली. म्हणून तेथें जाणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू बृहदीश्वराचें दर्शन घेतो, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो आणि कृतार्थ होऊन परततो. परंतु देवळाजवळच, शिवगंगा तलावाच्या परिसरांत, एक लहानसें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे; तिकडे फार थोड्यांचीं पावलें वळतात.

हें मंदिर सन १७७९ मधील. तें उभारणारे पाद्री ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे ल्यूथरपंथी जर्मन. सन १७५० मध्यें ते तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतींत उतरले आणि उरलेलें सर्व आयुष्य त्यांनीं दक्षिणेंतच वेंचलें. तामिळ त्यांस उत्तम येत असे. दरबाराशीं व्यवहार पडल्यामुळें ते मराठीही शिकले.

तुळजाजीराजांनीं सन १७८७ मध्यें, मृत्यु जवळ आला असतां, दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतलें व त्याच्या पालनाची चिंता श्वार्ट्झ यांजजवळ बोलून दाखविली. राज्य मात्र तुळजाजींचे बंधु अमरसिंह यांजकडे गेलें. मुलाची आबाळ व शिक्षणाची हेळसांड होऊं लागली, तेव्हां या पाद्र्यानें कंपनी सरकारापुढें त्याची बाजू मांडली. पुढें १७९३ सालीं सरफोजीस मद्रासेस नेण्यांत येऊन तेथें त्याचें शिक्षण झालें.

मंदिराची इमारत साधी आहे. पाहावें तें आंतील संगमरवरी शिल्प. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर पडले आहेत आणि सरफोजी त्यांचा हात हातांत घेऊन उभे आहेत. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्यें निवर्तले. त्याच वर्षीं सरफोजी गादीवर आले. हें शिल्प त्यांनीं जॉन फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतलें.

आज आपल्या घरांतील मुलें कॉन्व्हेंट शाळेंत जातात आणि आपला आचार सुटेल कीं काय, अशी धाकधूक वडीलधाऱ्यांस वाटते. त्यांनीं हें शिल्प अवश्य पाहावें. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या वंशाचा इतिहास मराठींत कोरविणारे तेच, काशीयात्रा करणारेही तेच. आणि परधर्मीय गुरूचें ऋण दगडांत कायम करणारेही तेच. स्वधर्माचें मूळ घरांत खोल गेलें असेल, तर गुरु कोणत्याही पंथाचा असो, शिष्यास कृतज्ञतेचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. मूळ खोल घालण्याचें काम मात्र शाळेचें नव्हे, तें आपलें आहे.