मोटार म्हणावी की टेम्पो?

शेव्हर्लेची ‘एल कमिनो’ पुढून मोटार, मागून उघडा हौदा. आमच्या गोडदेवात तिला कुणीही टेम्पोच म्हणेल. शिवडीत जनरल मोटर्स १९२८पासून गाड्या जोडत होती. तो कारखाना १९५४मध्ये बंद पडला आणि एल कमिनो आली १९५९मध्ये, फोर्डच्या ‘रँचेरो’ला उत्तर म्हणून. शिवडीच्या जुळणीत ती कधी नव्हतीच.

अशी गाडी जपणाऱ्यापुढे खरा पेच २०२१च्या केंद्रीय नियमांचा. ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो पन्नास वर्षांवरच्या, खासगी, मूळ रूपातल्या गाडीलाच. हौदा कापून डिकी केली की मूळ रूप गेले. रोजच्या वापराला मुभा नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरताच रस्ता. मूळ रूपाची अट मला पटते; पण त्याच हौद्यातून घरची दोन पोती तांदूळ आणले, तर बिघडले काय?